धूप आणि धूपाटणे

भाद्रपद शुद्ध दशमीस, सुगंधदशमीला, मंदिरात धूप अर्पण करताना आपण अष्टकर्मांच्या दहनाची भावना भावतो. गतवर्षी त्याच सायंकाळी घरीही उघड्या धूपाटण्यात निखारा ठेवला. दुसऱ्या दिवशी राख काढताना तीत दोन होरपळलेले पतंग आढळले. कर्मदहनाच्या निमित्ताने नवे कर्म बांधले गेले, हे मनाला फार लागले.

तेव्हापासून आमच्याकडे बारीक जाळीच्या झाकणाचे पितळी धूपाटणे आहे. तळाशी वाळूचा थर घालतो, म्हणजे खालचा पाट तापत नाही. धूप दिवसाउजेडीच आणि खिडकी उघडून, सौ.ला दम्याचा त्रास आहे, आणि धूर शेवटी धूरच. चिमूटभर दशांग पुरतो.

धूपाची निवड मात्र अधिक अवघड. काही मसाला उदबत्त्यांत मध असतो, हे मला साठी उलटल्यावर कळले. उभे आयुष्य व्हाउचरे तपासण्यात गेले, पण उदबत्तीचे वेष्टन कधी वाचले नव्हते! वेष्टनावर घटक नसतील तर दुकानदारास विचारावे; त्यालाही ठाऊक नसेल, तर पुडा परत ठेवावा. चंदनाचा भुसा आणि राळ बाजारात सुटी मिळतात. हल्ली आम्ही तेच आणतो.