प्रशालेचे मैदान राखण्यासाठी नागरिकांना जाहीर आवाहन

मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शाळेला प्रशाला म्हणतात, आणि तालुक्याच्या गावातील मोठे मोकळे मैदान पुष्कळदा याच प्रशालेचे असते; त्यामुळे बाजारच्या दिवशी तेथे वाहने उभी राहतात, लग्नसराईत मांडव पडतात, सभेच्या व्यासपीठांसाठी खड्डे खणले जातात आणि बांधकामाची खडी कित्येक महिने तशीच पडून राहते. परिणामी मैदानी खेळ, म्हणजे धावणे, उड्या आणि फेक या प्रकारांतील स्पर्धा, वेळापत्रकात नोंदलेले असूनही त्यांच्या सरावाला जागा उरत नाही. म्हणून अशा गावांतील पालक, माजी विद्यार्थी, व्यापारी आणि नगरपंचायतींचे सदस्य यांना हे आवाहन करण्यात येत आहे.

या भागातील मुलांची कुवत नव्याने सिद्ध करावी लागत नाही. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा या गावचे अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटर अंतर पायी तुडवून शाळेत जात. 3000 मीटर अंतरात 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागणाऱ्या स्टीपलचेस शर्यतीत त्यांनी 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. मात्र या शर्यतीकडे ते वळले ते बारावीनंतर लष्करात दाखल झाल्यावर, आणि प्रत्येक गुणी मुलाला अशी दुसरी संधी मिळेलच असे नसल्याने, मुलांमधील गुण शालेय वयातच हेरणारी व्यवस्था गावाजवळ असणे आवश्यक ठरते.

शालेय क्रीडा स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य व राष्ट्रीय अशा पायऱ्यांनी वर चढतात. वरच्या पातळ्यांवरील सहभागाने बोर्डाच्या परीक्षेत क्रीडागुण मिळू शकतात, तर पात्र खेळाडूंसाठी राज्य शासनाच्या नोकऱ्यांत 5 टक्के आरक्षण आहे. परंतु आखलेली मार्गिका जिने स्पर्धेच्या दिवशीच प्रथम पाहिली, त्या मुलीला वळणावर आपल्या मार्गिकेत राहणे किंवा रिलेत न थबकता बॅटन देणे साधत नाही, आणि तिची वाट पहिल्याच पायरीवर अडते.

मैदान तयार करण्यास फार मोठा खर्च लागत नाही. 400 मीटरच्या पूर्ण धावपट्टीसाठी सुमारे पावणेदोनशे मीटर लांबीची जागा लागते. तेवढी नसल्यास 200 मीटरची धावपट्टी आखून नियमित सराव करता येतो. येथील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चिखल धरते, आणि तालुका स्पर्धा बहुधा पावसाळ्यातच होत असल्याने मुरूम पसरून, पाणी मारून रोलर फिरवण्याचे काम जूनपूर्वी उरकावे लागते. त्यानंतर फक्कीने, म्हणजे चुन्याच्या भुकटीने, मार्गिका आखणे आणि लांब उडीच्या खड्ड्यात स्वच्छ वाळू भरणे एवढेच उरते.

तरी नागरिकांनी समारंभ व वाहनतळासाठी या मैदानाची मागणी करू नये, आणि शाळा व्यवस्थापन समितीने तशी परवानगी देऊ नये. ट्रॅक्टर किंवा रोलर असलेल्यांनी उन्हाळी सुटीत तो एखादा दिवस द्यावा. व्यापाऱ्यांनी धावण्याचे बूट, गोळा, थाळी यांसारखे साहित्य आणि सरावानंतरच्या गूळ-शेंगदाण्याच्या खाऊचा भार वाटून घ्यावा. पोलीस वा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या तरुणांनी आपल्या सरावाची वेळ शाळेच्या सरावाआधी किंवा नंतर ठेवावी. नगरपंचायतीने मुलींसाठी स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची बंद खोली आणि सायंकाळी पुरेसा उजेड यांची सोय करावी, आणि पालकांनी मुलीच्या सरावाची वेळ तिच्या अभ्यासाच्या वेळेइतकीच जपावी. ही कामे जूनच्या मध्यास शाळा उघडण्यापूर्वी पूर्ण व्हावीत, यासाठी प्रत्येक गावाने आपल्या प्रशालेच्या मुख्याध्यापकांशी व क्रीडाशिक्षकांशी आजच संपर्क साधावा, ही नम्र विनंती.