‘देव आहे ना सोबत!’ एवढं म्हणून आपण निघून येतो



आपल्या पॅरिशमध्ये एक वाक्य फार स्वस्त झालं आहे. कुणी म्हणालं, “एकटं वाटतं हो,” की आपण लगेच म्हणतो, “एकटे कुठे? देव आहे ना सोबत!” आणि चपला घालून निघतो. आम्हीही हे वाक्य कितीतरी दारांत उभं राहून म्हटलं आहे. आता ते म्हणायला आमची जीभ धजत नाही. का, ते सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघं स्वयंसेवक एका मावशींकडे गेलो होतो. यजमान वारलेले, एक मुलगा बेंगळुरूला, मुलगी आखातात. मावशी म्हणाल्या, “दिवसभर काही वाटत नाही. दिवेलागण झाली की घर खायला उठतं.” आम्ही धर्मशिक्षक पडलो, उत्तर तयारच होतं. “मावशी, रोझरी वाढवा. विश्वास घट्ट असला की एकटं वाटत नाही.” त्यांनी मान हलवली. चहा झाला, आम्ही निघालो.

पुढचे तीन रविवार मावशी मिस्साला आल्या नाहीत. तब्येत बरी नसेल म्हणून पुन्हा गेलो. तेव्हा त्या म्हणाल्या, “दोन-दोन रोझऱ्या म्हटल्या. तरी एकटंच वाटतं. म्हणजे माझा विश्वासच खोटा असणार. मग कम्युनियन कुठल्या तोंडाने घेऊ?”

बंधुभगिनींनो, एका विधवा बाईला ख्रिस्तप्रसादापासून कोणी दूर केलं? सैतानाने नव्हे. आम्ही केलं, आणि तेही सांत्वन करायला जाऊन.

म्हणून आज आम्ही स्पष्ट लिहितो : एकटेपणा म्हणजे विश्वासाची कमतरता, ही शिकवण चुकीची आहे. पवित्र शास्त्रात तिला आधार नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकाची सुरुवात पाहा. देवाने एकेक गोष्ट घडवली आणि ती चांगली आहे असं पाहिलं. ‘बरं नाही’ असं तो पहिल्यांदा कशाविषयी म्हणाला? माणसाच्या एकटं असण्याविषयी. तेव्हा पाप जगात आलेलंही नव्हतं. आदामाजवळ साक्षात देव होता. तरीही देव त्याला म्हणाला नाही की मी आहे ना, मग आणखी कोण हवं? त्याने त्याला सोबत दिली. देवाने जे म्हटलं नाही, ते आपण देवाच्या नावाने म्हणतो.

एलिया संदेष्ट्याचं बघा. रानात एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितलं. देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही. त्याला झोपू दिलं, उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, आणि पुन्हा झोपू दिलं. होरेब डोंगरावरची मंद वाणी त्यानंतरची. मी एकटाच उरलो आहे, ही त्याची तक्रार देवाने ऐकली आणि त्याला अलीशाकडे पाठवलं. जो एकटा होता त्याला एक माणूस मिळाला.

संत पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची छाती आहे? तिमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तो बंदिवासातून लिहितो : लवकर ये, हिवाळ्याआधी ये, माझ्याजवळ फक्त लूक आहे, त्रोवसात राहिलेला झगा घेऊन ये. आणि आपला प्रभू? गेथशेमाने बागेत त्याने पेत्र, याकोब आणि योहान यांच्याकडे एवढंच मागितलं की माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले. देवाच्या पुत्राला माणसांची सोबत हवीशी वाटली, मग आमच्या मावशींना वाटली तर त्यात कमीपणा कसला?

कलकत्त्याच्या संत तेरेसा यांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. जवळजवळ ५० वर्षं त्यांना आतून देवाची जवळीक जाणवत नव्हती, हे त्या पत्रांतून जगाला कळलं. तरी त्या रोज प्रार्थना करत राहिल्या, रोज मरणाऱ्यांच्या उशाशी बसत राहिल्या. आणि ख्रिस्तसभेने त्यांना २०१६ मध्ये संत घोषित केलं.

कुणी विचारील, “मग प्रार्थनेचा उपयोग नाही म्हणता का?” मुळीच नाही. प्रार्थना एकटेपणा झाकण्यासाठी नसते, तो देवापुढे उघडा करण्यासाठी असते. स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. तरी ख्रिस्तसभा ते प्रार्थना म्हणून म्हणत आली. रडत म्हटलेली रोझरीही रोझरीच असते. देव सोबत आहे, हे आम्ही मनापासून मानतो. पण त्याची सोबत पुष्कळदा कुणाच्या तरी पायांनी चालत येते. ते पाय आपले आहेत. आपण गेलो नाही, तर ‘देव सोबत आहे’ हे वाक्य खरं असूनही आपल्या तोंडी ती पळवाट ठरते.

रोज सकाळी व्हॉट्सॲपवर वचनाचं चित्र पाठवणं वाईट नाही. पण त्याला भेट म्हणू नका. दुसऱ्या शतकात संत जस्टिन यांनी लिहून ठेवलं आहे की, रविवारच्या सभेला न आलेल्यांकडे डीकन ख्रिस्तप्रसाद घेऊन जात. कोण आलं नाही, हे त्या मंडळीला ठाऊक असे. आपल्याला ठाऊक असतं का?

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा आणि वृद्धांसाठी राखून ठेवला. त्या दिवशी आपण शाल आणि गुच्छ देतो, फोटो काढतो. पण जे चर्चपर्यंत येऊच शकत नाहीत, त्यांना शाल कोण पांघरणार?

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक घराने एक दार निवडावं. दिवेलागणीच्या वेळी जावं, कारण घर खायला उठतं ते तेव्हाच. अर्धा तास बसावं, उपदेश करू नये. त्यांनी म्हटलं तरच सोबत रोझरी म्हणावी. निघताना ‘देव आहे’ म्हणण्याऐवजी ‘गुरुवारी येतो’ म्हणावं, आणि गुरुवारी जावं.

आम्ही मावशींची माफी मागितली. फादर त्यांना घरी भेटून आले. आता त्या मिस्साला येतात. संध्याकाळी एकटं अजूनही वाटतं, असं त्या सांगतात. पण कम्युनियनच्या रांगेत मान खाली घालून उभ्या राहत नाहीत.

हे प्रभू येशू, गेथशेमानेत तुला सोडून आम्ही झोपलो. आता तरी आम्हाला जागं ठेव. आमेन.