आधी लॅपलंड

फिनलंडचे नाव निघाले नाही असे शिक्षणावरचे एकही भाषण यंदा आमच्या कानावर आले नाही. शाळेचे स्नेहसंमेलन असो, सेवानिवृत्तीचा सत्कार असो, की गणेश मंडळाने ठेवलेले व्याख्यान. वक्ता पाण्याचा घोट घेतो आणि थेट हेलसिंकीला पोचतो. तिथे म्हणे गृहपाठ नाही, परीक्षेचा धाक नाही, शिक्षकाला डॉक्टरइतका मान. श्रोते माना डोलावतात. मग आभारप्रदर्शन, चहा, आणि मंडळी आपापल्या घरी. ज्या गावात हे भाषण चालले आहे, तिथल्या शाळेत शिक्षक किती, हे वक्त्याने विचारलेले नसते आणि श्रोत्यांनीही सांगितलेले नसते. वर्षभर हे ऐकून आमचे डोके उठले आहे. दिवाळी अंकाचे संपादकीय ही अशा तक्रारीची हक्काची जागा असल्याने वाचकांनी नेहमीप्रमाणे याही वर्षी सांभाळून घ्यावे.

२०२५ या वर्षाचा आढावा दोन ओळींत उरकतो. पावसाने सोयाबीन नेले. कापूस घरात यायच्या आधीच केंद्राने ऑगस्टमध्ये त्यावरचे आयातशुल्क काढले आणि मग ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. आमच्या रोहण्यात याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मे महिन्यात जयंत नारळीकर गेले. मराठीला अभिजात दर्जा मिळून एक वर्ष झाले. आणि पहिलीपासून हिंदीच्या आदेशावरून एप्रिल ते जून महाराष्ट्र तापला, जूनअखेर ते आदेश मागे घेतले गेले. बरेच झाले. पण पहिलीच्या वर्गात तिसरी भाषा असावी की नसावी यावर एवढे रान उठवणाऱ्या आपल्या राज्यात, त्या वर्गात शिक्षक असावा की नसावा यावर मात्र कुणी मोर्चा काढला तर तो ‘शिक्षकांचा प्रश्न’ ठरतो.

तो प्रश्न काय आहे ते सांगतो. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे याचे, निकष बदलले. सहावी ते आठवीचा पट विसापर्यंत पोचत नसेल, तर त्या वर्गांना नियमित शिक्षकाचे पदच मंजूर होत नाही. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, म्हणजे ऐन शिक्षकदिनी, दुसरा आदेश निघाला: कमी पटाच्या शाळेत दोन शिक्षकांपैकी एक कंत्राटी. (तो २०२५ मध्ये मागे घेतला गेला.) इकडे शिक्षण हक्क कायदा म्हणतो की साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक हवेत, आणि सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, भाषा व सामाजिक शास्त्रे यांसाठी निदान एकेक शिक्षक हवा. कायदा दिल्लीचा, आदेश मुंबईचा, आणि मुले आमच्या तालुक्यातली.

आर्वी तालुक्यातल्या अशाच एका कमी पटाच्या शाळेत यंदा पावसाळ्यात जाणे झाले. चार इयत्ता, एक खोली, भिंतीवर पाढे. दोन शिक्षकांपैकी एक मतदार याद्यांच्या कामावर. उरलेल्या मॅडम चौथीला भागाकार सांगत होत्या आणि त्याच वेळी पोषण आहाराची माहिती मोबाइलवर चढवत होत्या. रेंज खिडकीतच येते, म्हणून भागाकारही खिडकीतूनच. पहिलीतली एक पोर पाटी घेऊन तीनदा आली, ‘मॅडम, माह्यं झालं नं!’ तिचे खरेच झाले होते. तिला पुढचे काही हवे होते. मॅडमनी तिच्याकडे पाहिले, हसल्या, आणि म्हणाल्या, पुन्हा काढ. गुणवत्ता घसरते ती कुठे, हे पाहायला आम्हाला आणखी कुठे जावे लागले नाही. त्या बाईंना शिकवता येत नव्हते असे नाही. उत्तम येत होते. एका माणसाने एका वेळी चार इयत्ता आणि एक ॲप सांभाळायचे, असे तिच्यासाठी दुसऱ्याच कुणीतरी ठरवून ठेवले होते.

लहान शाळा म्हणजे स्वर्ग, असा आमचा दावा नाही. वर्गात तीनच मुले असली की कबड्डीही जमत नाही आणि भांडणही. पट का घसरला, हेही लपलेले नाही. सकाळी गावाच्या फाट्यावर पिवळी व्हॅन येते आणि ज्याला ज्याला परवडते त्याचे पोरगे कॉन्व्हेंटला जाते. आपल्या भागात इंग्रजी माध्यमाच्या प्रत्येक शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, तिथे नन सोडा, प्रशिक्षित शिक्षकही नसला तरी. रागावू नका, वाचकहो, ती व्हॅन तुमच्याही दारात थांबते. मागे राहतात ती शेतमजुराची, पारध्याची, आजीजवळ ठेवलेली मुले. म्हणजे ज्यांना शिक्षकाची गरज सर्वात जास्त, त्यांच्याच वर्गाचा पट सर्वात कमी, आणि नियम तर असा की पट कमी तर शिक्षक कमी. समूह शाळा करू, सगळ्या मुलांना गाडीने एका ठिकाणी नेऊ, असा तोडगा २०२३ पासून सांगितला जातो. पानशेत आणि तोरणमाळ इथल्या समूह शाळांचे दाखले देतात. गाडी रोज येणार असेल तर आमची ना नाही. पण नाल्याला पूर आला की एसटी ज्या गावाला जात नाही, तिथे सहा वर्षांच्या पोरीला आणायला कोण जाणार, याचे उत्तर परिपत्रकात सापडत नाही.

आपल्याला सरासरीवर समाधान मानायची खोड आहे. ‘असर’ या शिक्षण-पाहणीचा २०२४ चा अहवाल जानेवारीत आला. ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, ती २३.४ टक्के झाली. सुधारणा खरी आहे आणि ती शिक्षकांनी केली, हे मान्य. पण चारातली तीन अजून वाचत नाहीत, आणि ती तीन कोणती, हे सरासरी सांगत नाही. शेतकऱ्याला हे पैसेवारीवरून कळावे: गावाची पैसेवारी पन्नासच्या वर लागली की तुमचे वावर पाण्याखाली असले तरी दुष्काळ नाही. शिक्षणाच्या निर्देशांकातही तसेच बुडीत वावर दिसत नाही. सरासरी वाईट निघाली तर आणखी गंमत होते. २००९ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या वाढीव फेरीत आपल्याकडून तामिळनाडू आणि हिमाचल उतरले. ७४ सहभागींत ७२ वे आणि ७३ वे आले. प्रश्न आपल्या मुलांच्या परिसरातले नव्हते, असे सांगून आपण चाचणीच सोडली. परिसराची ही जाण यंदा एप्रिलमध्ये मात्र कुणाला राहिली नाही. पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा अख्ख्या राज्यात एकाच वेळापत्रकाने २५ एप्रिलपर्यंत ठेवल्या. तेव्हा विदर्भात पारा कुठे असतो, हे पुण्यात बसून वेळापत्रक काढणाऱ्यांनी विचारले नसावे.

तर फिनलंड. तिथे १९६८ च्या कायद्याने शाळा बदलल्या. त्याआधी तिथेही साधारण अकराव्या वर्षी मुलांची चाळणी होई: हुशार आणि ऐपतदार एका शाळेत, बाकीचे दुसऱ्या. नव्या कायद्याने सगळ्यांना नऊ वर्षांची एकच शाळा दिली. ती सुरू कुठून केली? राजधानीतून नाही. १९७२ मध्ये पार उत्तरेच्या लॅपलंडपासून. तिथे वस्ती विरळ, बर्फ फार, पट कमी. मग दर वर्षी थोडे दक्षिणेला सरकत हेलसिंकीचा पट्टा १९७७ मध्ये सर्वात शेवटी आला. शिक्षकाला पदव्युत्तर शिक्षण सक्तीचे झाले ते त्यानंतर, आणि शाळा तपासणी बंद झाली ती नव्वदच्या दशकात. आपले वक्ते सांगतात ते सगळे शेवटचे मजले. पाया लॅपलंडचा, आणि त्याचे नाव व्याख्यानात येत नाही. फिनलंडचे गुणही २००६ नंतर घसरत आले आहेत; ही बातमी तर आपल्या मंडपांपर्यंत अजून पोचायची आहे.

श्रीमंत देशांचेच कौतुक का, असे कुणी म्हणेल. मग ब्राझीलच्या सेआरा राज्याकडे पाहा. गरीब, अवर्षणप्रवण, आपला चुलतभाऊच म्हणा. तिथे २००७ मध्ये कायदा झाला, की राज्याच्या करातून नगरपालिकांना मिळणाऱ्या पैशातला एक भाग त्यांच्या शाळांतली मुले किती शिकली यावर ठरेल. उत्तम शाळेला बक्षीसही ठेवले, पण त्यात मेख अशी की काही रक्कम आधी मिळते आणि बाकीची, त्या शाळेने एखाद्या मागे पडलेल्या शाळेला हात देऊन वर आणल्यावर. त्या राज्यातल्या सोब्राल शहराने मुख्याध्यापक नेमताना पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्या बंद केल्या आणि सात वर्षांच्या प्रत्येक मुलाला वाचता आलेच पाहिजे, एवढे एकच काम आधी हातात घेतले. प्राथमिक शिक्षणात ते गरीब शहर पुढे देशात पहिल्या रांगेत बसले. आपल्याकडे आदर्श शाळेला पुरस्कार मिळतो, तेव्हा फोटो निघतो. शेजारच्या गावची शाळा त्या फोटोत नसते.

हे सारे सांगायला ब्राझील हवे होते असेही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. समता, गुणवत्ता आणि संख्या या तीन बाजूंचा त्रिकोण भारतीय शिक्षणाच्या हाती का लागत नाही, यावर त्यांनी १९७५ मध्ये पुस्तकच लिहिले. एक बाजू ताणायला जावे तर दुसरी आखडते, आणि आखडायची वेळ आली की ती नेहमी समतेचीच आखडते, हे त्यांनी आतून पाहिले होते. युनेस्कोने गांधी-टागोरांच्या पंगतीत या माणसाला जगातल्या शंभर शिक्षणचिंतकांत बसवले. जन्म ५ सप्टेंबर १९०७ चा. कंत्राटी शिक्षकाचा आदेश त्यांच्याच जन्मदिवशी निघाला, हे काढणाऱ्यांना ठाऊक असण्याची शक्यता कमी.

दिवाळीशी याचा संबंध काय, असे विचारणारे वाचक दर वर्षी असतात. अज्ञानाचा अंधार आणि ज्ञानाची पणती हा संबंध त्यांनी इतर अंकांत वाचावा. आमच्याकडचा संबंध तारखेचा आहे. यंदा पाडवा आणि भाऊबीज २२ आणि २३ ऑक्टोबरला येतात. १९३७ मध्ये याच दोन दिवशी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. झाकिर हुसेन, विनोबा, काँग्रेसी प्रांतांचे शिक्षणमंत्री, सगळे आपल्या जिल्ह्यात. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, हातकामाभोवती, असे ठराव झाले. पण परिषदेच्या मुळाशी होता तो पैशाचा पेच. तेव्हाच्या प्रांतांत शिक्षणाचा खर्च दारूच्या उत्पन्नावर चाले. दारूबंदी करावी तर शाळा बंद, शाळा ठेवाव्यात तर गुत्ते चालू. गांधीजींना ते सहन होत नव्हते, म्हणून मुलांच्या सूतकताईतून शिक्षकाचा पगार निघावा, असा मार्ग त्यांनी काढला. अर्थतज्ज्ञ के. टी. शहांनी त्याच मांडवात त्याला विरोध केला, आणि आमच्या मते शहांचे बरोबर होते: मुलाच्या टकळीवर मास्तरचा पगार काढणे कुणालाच परवडले नसते. मध्य प्रांताचे रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना काढून तोच पगार दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर टाकला. १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि ती योजनाही विरली. पण निदान त्या माणसांना शेवटच्या गावातल्या शिक्षकाचा पगार कुठून आणायचा, याची झोप उडवणारी काळजी होती. आज राज्याकडे सूत नको, जमीन नको, कराचा पैसा आहे. (दारूच्या करासकट. आमचा जिल्हा कागदोपत्री कोरडा आहे, एवढेच.)

म्हणून या अंकात फिनलंडवर एकही लेख नाही. आलेले तीनही परत केले. लेखकांचा राग आम्ही मान्य करतो. एकशिक्षकी आणि द्विशिक्षकी शाळांतल्या शिक्षकांनी स्वतः लिहिलेले घेतले आहे, शुद्धलेखन तपासून पण वाक्ये न बदलता. कथा-कविता नेहमीच्या ठिकाणी आहेत. जाहिराती यंदा कमी आहेत, कारण कापसाचे वर सांगितलेच.

अंक आवडल्याची पत्रे दर वर्षी येतात. या वेळी पत्रात आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचा पट, मंजूर शिक्षक आणि प्रत्यक्ष हजर शिक्षक हे तीन आकडे लिहा. आकडे शाळेत जाऊन विचारा, सरपंचाला फोन करून नको. संक्रांतीपर्यंत आलेले सगळे आकडे गावांच्या नावांसह एका पत्रकात छापू आणि ते जिल्हा परिषदेत नेऊन देऊ. आकड्यांशिवाय आलेले कौतुक या वर्षी छापले जाणार नाही.

– संपादक, रोहणा