गोसावी आणि बियाण्याची पिशवी

बाजरीला कणसाऐवजी हिरव्या पानांचा झुपका आला की आपण म्हणतो, गोसावी पडला. कृषी खात्याच्या कागदावर त्याचे नाव केवडा. वैजापूर, गंगापूर, पैठणच्या हलक्या रानात बाजरी पेरणाऱ्याला हा रोग शिकवावा लागत नाही. दोष कुणाचा हेही ठरलेलेच : शेतकऱ्याने बीजप्रक्रिया केली नाही, फेरपालट केली नाही.

१९६५ साली एचबी-१ हा संकरित वाण आला. उत्पादन वाढले, ते कुणी नाकारू नये. पण त्यामागोमाग आलेल्या एचबी वाणांची मादी एकच, अमेरिकेतून आणलेली टिफ्ट २३ ए. १९७१ साली केवड्याची साथ आली तेव्हा एकीचे दुखणे सगळ्यांना भोवले. ती मादी निवडायला शेतकऱ्याला कुणी विचारले होते?

आता शास्त्र पुढे गेले आहे. बुरशी कोवळ्या रोपात शिरू लागली की रोप गप्प बसत नाही. त्याच्या पेशींत पेरॉक्सिडेज, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज ही एन्झाइमे वाढतात. पहिले पेशीची भिंत टणक करते, दुसरे बुरशीला मारक द्रव्ये तयार करते. एन्झाइमे सगळ्याच वाणांत असतात, फरक वेगाचा. टिकणाऱ्या वाणात ती काही तासांत उसळतात; बळी पडणाऱ्या वाणात उशिरा आणि थोडी. तोवर बुरशी आत पसरलेली असते. म्हैसूर विद्यापीठातल्या संशोधकांनी अवघ्या दोन दिवसांच्या रोपांवर हे तपासले आहे. नुसत्या एन्झाइमवर निकाल देता येत नाही, वाण रोगट प्लॉटमध्ये पेरून पाहावाच लागतो. पण तेही पेरून पाहिले जातेच.

म्हणजे वाण टिकेल की नाही याचा अंदाज विकणाऱ्याला असतो. पिशवीवर मात्र उगवणशक्ती, शुद्धता, लॉट नंबर. गोसावीबद्दल अक्षर नाही!

आम्हाला नवे परवाने नकोत, नवे इन्स्पेक्टर तर नकोतच. रोगट प्लॉटमध्ये वाणाची किती टक्के झाडे गेली, तेवढा आकडा पिशवीवर छापा. छत्रपती संभाजीनगरच्या बाजरी संशोधन केंद्रानेही वाणवार आकडे पेरणीआधी मराठीत जाहीर करावेत.

तोवर बियाण्याला मेटॅलॅक्झिल ३५ टक्के, किलोला ६ ग्रॅम चोळा. गोसावीचे झाड दिसताच उपटून जाळा. त्याचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षे राहतात. रिकामी पिशवी, लेबल आणि पावती फेकू नका. जिल्हा बैठकीला येताना बरोबर आणा.