मस्टरवर नसलेली गिरणगावकरीण

लालबाग-परळच्या चाळींच्या आठवणी हल्ली सारख्या छापून येतात. भोंगा, गोट्या, गॅलरीतली झोप, कधीच न लागणारी दारं. वाचायला मलाही आवडतं. फक्त आमचं दार उघडं असायचं ते धंद्यासाठी. आई खानावळ चालवायची.

दहा बाय बाराची खोली, आम्ही पाच जण आणि जेवायला दहा-बारा मेंबर. सगळे कोकणातले, बायकापोरं गावी, यांची पथारी गाववाल्यांच्या खोलीत. पहिली पाळी सातची, म्हणून आई चारला उठून स्टोव्हला पिन मारायची. दुसऱ्या पाळीचे मेंबर मध्यरात्र उलटल्यावर यायचे. त्यांची ताटं उचलेपर्यंत आम्हा पोरांना अंथरूण टाकायला जागा नसे. रेशनवर मिलो मिळायची तेव्हा भाकरीला चव नाही म्हणून सगळे कुरकुरायचे. ती लाल ज्वारी सरकारने अमेरिकेतून आणलेली, पण बोलणी आईला.

आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून वही माझ्याकडे. कोण गावी गेला, कोण कुठल्या दिवशी जेवला नाही, ते खाडे मी मांडायचे, आणि महिनाअखेर त्यांवरून घासाघीस व्हायची. पैसे हातात पडायचे गिरणीचा पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी, ती थकली की व्याजाचे पैसे. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते आईसारख्या खानावळवाल्या बायकांसाठीच. बँक त्यांनाही कर्ज देऊ शकते, हे गिरणगावाला तेव्हा कळलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, नेते दत्ता सामंत, गेट सभा, हे सगळं लिहून झालंय. आमचे काही मेंबर गावी गेले, त्यांची बाकी वहीतच राहिली. जे थांबले त्यांना आई उधारीवर जेवू घालत राहिली, आमटी पातळ करून का होईना. संपाला पाठिंबा वगैरे शब्द तिच्या तोंडी कधी आले नाहीत. पितळेची पातेली मात्र तिचीच मोडीत गेली.

पुढे गिरण्या बंद पडल्या, आणि १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेल्यांना सरकारी योजनेतल्या घरासाठी अर्ज करता आले. तो त्यांचा हक्कच. बहुतेकांना अजून घर नाही, आणि द्यायची म्हणतात ती मुंबईबाहेर शेलू-वांगणीला, याची चीड मलाही आहे. पण खानावळवालीला अर्जाचा फॉर्मच नव्हता. तिचा पट कुणी ठेवलाच नाही.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं पालिकेने हाती घेतलंय. साचे ठेवा, भोंगा ठेवा. त्याबरोबर एक खोली खानावळीची मांडा, स्टोव्ह, परात आणि खाड्यांच्या वहीसकट. ज्यांच्या वडिलांनी, आजोबांनी असं जेवून गावी मनीऑर्डरी केल्या, त्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांना त्या बाईचं नाव विचारून लिहून ठेवावं. नुसतं 'काकी' एवढंच आठवत असेल, तर निदान चाळीचं नाव आणि खोलीचा नंबर.