संगणक बदलला, पण डिस्कचे काय?

विंडोज १० या संगणकप्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ साठी तुलनेने नवा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आवश्यक असल्याने, उत्तम चालणारे हजारो संगणक एका दिवसात 'जुने' ठरले. मोठ्या कंपन्यांत हे काम संगणक विभाग पाहतो. मात्र अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वेसारख्या, मुंबई-हावडा लोहमार्गावरील आणि कापसाच्या व्यापारावर उभ्या असलेल्या गावात असा विभाग कोणाकडे असणार? तेथे आडत्याचा उधारीचा हिशेब, छायाचित्रकाराकडील लग्नांचे अल्बम आणि सेवा केंद्रातील स्कॅन केलेली कागदपत्रे बहुधा एकाच हार्ड डिस्कवर असतात. संगणक बदलताना खरा प्रश्न या डिस्कचा आहे.

सरकारी दप्तराने या बाबतीत बराच पल्ला गाठला आहे. मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी लागलेल्या आगीने एका ठिकाणी ठेवलेल्या कागदांचे काय होते, हे दाखवून दिले होते. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. आज तहसील कार्यालयातील एखादा संगणक बंद पडला म्हणून शेतकऱ्याचा सातबारा नाहीसा होत नाही. पण त्याच शेतकऱ्याने आडत्याकडून घेतलेल्या उचलीची नोंद मात्र दुकानातील डिस्कबरोबर जाऊ शकते.

वऱ्हाडातील ४५ अंशांचा उन्हाळा आणि विजेचा लपंडाव हे डिस्कचे शत्रू मानले जातात. यातील दुसरा आरोप अधिक खरा आहे. डिस्कची चकती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारे हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते. वीज अचानक गेल्यास अर्धवट लिहिलेली फाईल बिघडते. म्हणून यूपीएस ही चैन नव्हे. उष्णतेचा संबंध मात्र वाटतो तितका सरळ नाही. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तापमान आणि बिघाड यांचा संबंध अपेक्षेपेक्षा क्षीण आढळला. फार तापलेल्या व जुन्या डिस्क याला अपवाद होत्या. जिनिंगच्या परिसरात उडणारे रुईचे तंतू डिस्कच्या आत सहसा शिरत नाहीत, पण पंखा आणि हवेची छिद्रे बुजवितात. तेव्हा कॅबिनेट अधूनमधून साफ करणे हितावहच.

त्या अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा होता. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद 'स्मार्ट' नावाच्या यंत्रणेद्वारे ठेवते आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारखे मोफत सॉफ्टवेअर ती वाचून दाखविते. पण बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये या यंत्रणेच्या चार प्रमुख निदर्शकांनी कोणतीही सूचना दिली नव्हती. सूचना मिळाली तर डिस्क ताबडतोब बदलावी. मिळाली नाही म्हणून निर्धास्त राहू नये. डिफ्रॅगमेंट करण्याची जुनी सवय चकतीच्या डिस्कपुरती ठीक होती. एसएसडीला तिची गरज नाही. 'एका क्लिकमध्ये डिस्क दुरुस्त' असे सांगणाऱ्या जाहिरातींपासून तर चार हात दूर राहणेच बरे.

उरतो तो दुसऱ्या प्रतीचा मार्ग, आणि येथे फाईल व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरची निवड महत्त्वाची ठरते. टोटल कमांडर किंवा मोफत मिळणारे डबल कमांडर यांत दोन फोल्डर शेजारी-शेजारी दिसतात. काय कोठे गेले हे डोळ्यांसमोर राहते. फ्रीफाइलसिंक दोन्ही ठिकाणांतील फरक दाखविते. मात्र 'मिरर' पद्धत निवडल्यास मूळ ठिकाणी चुकून पुसलेली फाईल प्रतीतूनही पुसली जाते, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते. खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या बाह्य डिस्कलाही सोडत नाही. त्यामुळे प्रत काढून झाल्यावर ती डिस्क संगणकापासून वेगळी करून दुसऱ्या ठिकाणी, शक्यतो घरी, ठेवणे आवश्यक आहे.

मराठीत काम करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण आहे. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर डिस्क शाबूत असूनही तो फॉन्ट नसलेल्या नव्या संगणकावर निरर्थक अक्षरांसारखा दिसतो आणि मराठी शब्द टाकून शोधल्यास सापडत नाही. असा मजकूर जुना संगणक चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये रूपांतरित करावा, अथवा निदान त्याची पीडीएफ काढून ठेवावी. ही पीडीएफ वाचता येईल. तीत शोध घेता येईलच असे नाही.

जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी डिस्क काढून घेतलेली बरी. 'क्विक फॉरमॅट' केल्याने माहिती पुसली जात नाही. सेवा केंद्राच्या डिस्कवर तर ती शेकडो इतरांची असते.