तीन मोडून एक

गेल्या हिवाळ्यात बेळगावात जुन्या सायकलींचे एक प्रदर्शन भरले होते. ज्या गावात एके काळी गृहस्थाची ऐपत त्याच्या सायकलीच्या नावावरून ताडली जाई, तिथे अशा प्रदर्शनाला गर्दी व्हावी यात नवल नाही. पहिले पारितोषिक एका हंबर सायकलीला मिळाले. काळाभोर रंग, त्यावर सोनेरी रेघा, चकचकीत मुलामा आणि समोर पाटी : 'सर्व भाग मूळ'. हंबरच्या दातेरी चक्रात पाच मनुष्याकृती असतात. त्या पाहायला मी वाकलो आणि तसाच खिळून राहिलो. त्यांतल्या एका आकृतीच्या खांद्याशी जोड दिल्याचा बारीक फुगवटा होता. वरून मुलामा चढवला तरी तो लपला नव्हता. तो जोड कशामुळे द्यावा लागला हे मला ठाऊक होते. कारण ती सायकल गटारात कोसळली तेव्हा तिच्या कॅरिअरवर मी बसलो होतो.

ते चक्र ज्या सायकलीचे, ती माझ्या वडिलांनी १९५३ साली घेतली. हिंडलग्याहून शहापूरच्या शाळेत ते रोज तिच्यावरून शिकवायला जात. १९६६ च्या पावसाळ्यातल्या त्या अपघातात चक्राला तडा गेला आणि पुढचा चिमटा पार वाकला. हंबरचा चिमटा ही त्या सायकलीची खूण. इतर सायकलींना चाकाच्या दोन्ही बाजूंस एकेक नळी असते, हंबरला दोन-दोन बारीक नळ्या. तसा दुसरा चिमटा गावात मिळेना. तेव्हा खडेबाजारातल्या आमच्या मिस्त्रींनी भंगारात आलेल्या एका रॅलेचा साधा चिमटा आणला, मानेची लांबी फ्रेमशी जुळते का पाहिले आणि चढवला. वडील निवृत्त होईपर्यंत, आणि नंतर बाजारहाटासाठीही, ती सायकल त्याच चिमट्यावर चालली. पुढे मीही तिच्यात हवा भरून अधूनमधून टिळकवाडीपर्यंत चक्कर मारीत असे. २०२२ साली, वडील गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, एक संग्राहक घरी आले. त्यांनी सायकलीभोवती एक फेरी मारली आणि चिमट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही हंबर नव्हे हो, खिचडी आहे." खिचडीला जो भाव मिळायचा तो मिळाला. मी ती देऊन टाकली. अंगणातली जागा मोकळी होईल, एवढाच विचार तेव्हा मनात होता. आता तो लपवण्यात अर्थ नाही.

प्रदर्शनात ते गृहस्थ भेटले. त्यांनी काहीही दडवले नाही, उलट अभिमानाने सांगितले. पारितोषिक मिळालेल्या सायकलीची फ्रेम एका हंबरची. चिमटा आणि मडगार्ड दुसरीचे. चक्र, क्रँक, त्यांचा आस आणि कप आमच्या सायकलीचे. "तीन मोडल्या तेव्हा ही एक उभी राहिली." उरलेल्या दोन फ्रेमांचे काय झाले? एक भंगारात गेली, दुसरी शेडमागे पडून आहे. आमची तर चालत होती, बाकीच्या दोन चालत होत्या का? "एक चालत होती. पण चालून उपयोग काय?" त्यांच्या या प्रश्नाला त्या गर्दीत मला उत्तर सुचले नाही. ते इथे देतो.

भाग बदलण्यालाच माझी हरकत आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. सायकल ही जन्मतःच सुट्या भागांची वस्तू आहे. तिचे छर्रे झिजतात, कोन खड्डे धरतात, आरे तुटतात, साखळी लांबते. पूर्वी वर्षाकाठी तिला मिस्त्रीकडे नेऊन जे करून घेत, त्या ओव्हरहॉलिंगला आमच्याकडे सर्रास 'ओव्हरऑइलिंग' म्हणत, आणि मूळ शब्दापेक्षा हा अपभ्रंश मला अधिक अर्थवाही वाटतो. त्या दिवशी सायकल अक्षरशः वेगळी वेगळी होऊन परातीत पडे आणि संध्याकाळी पुन्हा सायकल होई. मिलिंद राजाला नागसेनाने रथाच्या भागांवरून जो प्रश्न केला, त्याचा दाखला इथे कोणी देईल. पण नागसेनाला रथ आहे की नाही हे ठरवायचे होते. मला एवढेच विचारायचे आहे, की जो रथ माणसाला घेऊन जात होता तो कोणी आणि कशासाठी मोडला?

आता 'मूळ' या शब्दाकडे वळू, कारण सारा अनर्थ त्याच्यापोटी आहे. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने हंबरचा सायकलींचा व्यवसाय १९३२ मध्ये घेतला. १९४३ मध्ये रज तिच्याकडे आली, १९५७ मध्ये बीएसएच्या सायकली आल्या. १९६० च्या विलीनीकरणात हर्क्युलिस आणि फिलिप्स ही नावेही त्याच छत्राखाली गेली. म्हणजे वडिलांनी घेतलेली १९५३ ची हंबर नॉटिंगहॅमला रॅलेच्याच घरात जन्मली होती. नाव हंबरचे, चक्रातली माणसे हंबरची, आटे रॅलेचे. हे आटे महत्त्वाचे. इतर बहुतेक इंग्रजी सायकलींच्या चिमट्याच्या मानेला आणि क्रँकच्या कपांना इंचाला २४ आटे असत. रॅलेने आपल्या कारखान्यात २६ ठेवले होते. मिस्त्रींनी बसवलेला रॅलेचा चिमटा हंबरच्या फ्रेममध्ये कानस न लावता, हातोडा न मारता बसला तो यामुळेच. तो परका नव्हता, भावंडच होता. मिस्त्रींनी कंपनीचा इतिहास वाचला नव्हता. त्यांनी आटे मोजले होते. ज्यांनी इतिहास वाचला होता त्यांनी त्या चिमट्याला खिचडी म्हटले.

आपल्या देशात तर 'मूळ' शोधायला निघालेल्याची अधिकच फजिती होते. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्सने हर्क्युलिस काढली, आसनसोलला सेन-रॅलेने रॅले काढली. इंग्लंडात आडनाव बदलले, इथे गाव बदलले. कोणत्या चिमट्याचे गोत्र कोणते, हे ठरवायला बसलो तर लग्न जुळवणाऱ्या काकाही हात टेकतील. तरीही ही सोवळ्याओवळ्याची हौस वाढतेच आहे. स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबवर वर्षाचा आकडा ठोकलेला असतो. फ्रेमच्या सालाशी तो जुळावा म्हणून गिअर नीट बदलणारा हब काढून त्या सालाचा दुसरा हब घातलेला मी पाहिला आहे. हा दुसरा हब कुणाच्या तरी चालत्या चाकातून उचकटलेला होता. आकडा जुळला; दोन चाके उसवली.

संग्राहकांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. ते म्हणतात, आम्ही नसतो तर या सगळ्याच सायकली कधीच वितळल्या असत्या. बरेचसे खरे आहे. कित्येक घरांतून वाड्याबरोबर सायकलही विकली गेली, आणि कचऱ्यातून ती उचलणारे हेच लोक होते. त्यांचे दुसरे म्हणणे असे, की कंपन्यांनी मूळ जशा घडवल्या तसा निदान एक तरी नमुना पुढच्या पिढीला पाहायला मिळावा. हा हेतू मला मान्य आहे, मार्ग मान्य नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत सुकथनकरांनी १९२५ पासून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९३३ मध्ये आदिपर्व पुरे केले. त्यांनाही जुन्यात जुना पाठच हवा होता, आणि आमच्या संग्राहकांपेक्षा ते कितीतरी कठोर होते. पण त्यासाठी त्यांनी हस्तलिखितांची पाने फाडून एकत्र शिवली नाहीत. पोथ्या जिथल्या तिथे राहिल्या. गाळलेले श्लोकही तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले गेले. कोणत्या प्रतीत काय होते, हे आजही शोधता येते. आमच्या हंबरमध्ये रॅलेचा चिमटा का होता, हे आता त्या प्रदर्शनातल्या पाटीवरून कोणाला शोधता येईल? एका शिक्षकाची सायकल पावसात गटारात गेली आणि मिस्त्रीने ती चालती केली, एवढी हकीकत त्या चिमट्यात होती. ती गाळली आणि तळटीपही दिली नाही.

दुसऱ्या टोकाला 'बसते ना, मग झाले' म्हणणारे आहेत. त्यांच्याशी माझे भांडण थोडक्यात आटोपते, कारण त्यांचे पाप लगेच फळाला येते. २६ आट्यांच्या फ्रेममध्ये २४ आट्यांचा कप दीडेक फेरा खुशीने शिरतो. मग अडतो. मग पान्ह्याला नळी लावून जोर देतात, आणि फ्रेमचे आटे कायमचे जातात. आमच्या ओळखीच्या एका तरुणाने जुन्या २८ इंची चाकांऐवजी शर्यतीच्या सायकलीची चाके घातली. जुनी रिम ६३५ मिलिमीटर व्यासाची, नवी ६२२ची. म्हणजे प्रत्येक बाजूने साडेसहा मिलिमीटर कमी. शिवाय दांड्यांच्या जुन्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या बाजूला, आऱ्यांकडून दाबते. नव्या रिमला तिथे त्यासाठी जागाच नसते. सायकल दिसायला झोकदार झाली आणि उतारावर तिला पुढचा ब्रेक उरला नाही. असल्या अदलाबदलीला मी पुनरुज्जीवन म्हणणार नाही.

मग अदलाबदल करायची कशी? मेलेल्या सायकलीचा भाग जिवंत सायकलीला द्यावा. जिवंत सायकल मोडून मेलेलीला सजवू नये. फ्रेम तडकलेली, नळी गंजून भोक पडलेली, अशा सायकलीचे चक्र, हब, घंटी, काय हवे ते खुशाल घ्या. काढलेला भाग कोणत्या सायकलीचा, कधी आणि का काढला, याची चिठ्ठी घालणाऱ्याने ठेवावी. आणि जो भाग बनवता येतो तो चालत्या सायकलीतून उचकटू नये. बनवता येत नाही, ही सबब निदान बेळगावकरांनी तरी सांगू नये. उद्यमबागेत ओतकाम आणि लेथकाम करणाऱ्यांची रांग लागली आहे. हंबरच्या चक्रातली माणसे ओतून घेणे खर्चाचे होईल हे कबूल. पण कप, आस आणि कॉटर यांसाठी कोणाची सायकल मोडण्याचे काहीएक कारण नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. प्रदर्शन संपल्यावर त्या गृहस्थांच्या शेडमागे गेलो. आमची फ्रेम भिंतीला टेकून उभी होती, रॅलेच्या चिमट्यासकट; तो कोणालाच नको होता. लोखंडाच्या भावाने ती परत घेतली. चाके आणि हँडल जुन्या बाजारातून मिळाले. चक्र आणि क्रँक साधे, लुधियानाचे. त्यात माणसे नाहीत. कप मात्र अडले, दुकानात जो तो २४ आट्यांचा निघे. शेवटी उद्यमबागेतल्या एका कारागिराने २६ आट्यांचे कप कातून दिले. पहिली जोडी फुकट गेली, कारण चेनच्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात हे त्यांना सांगायला मीच विसरलो होतो. दुसरी जोडी बसली. हाताने फिरवली आणि शेवटपर्यंत गेली.

त्याच प्रदर्शनाचे यंदाचे प्रवेशपत्र परवा हाती आले. त्यात 'मूळ भागांची टक्केवारी' असा एक रकाना आहे. तो काढून तिथे 'शेवटची केव्हा चालवली' असा रकाना घालावा, असे मी संयोजकांना लेखी कळवले आहे. उत्तर अजून आलेले नाही. सायकल मी आणणारच आहे, टेम्पोत घालून नव्हे, हिंडलग्याहून चालवत.